काचेवरची टकटक

१४, बेल स्ट्रीट,
सॉलफर्ड
शनिवार, २० नोव्हेंबर १९७१
सकाळी सात वाजून वीस मिनिटं

प्रिय बेरिल,

आत्ताच मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझ्या कोटाचं पार्सल बांधत होतो. सुतळीची गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली, कारण पोस्टातली माणसं सैल गाठ घेत नाहीत. मग वाटलं, आत पत्र घालायचं राहिलंच. म्हणून पुन्हा सोडली आणि लिहायला बसलो.

तू बरी असशील. तुझी बहीण जून आणि तिची मुलं बरी असतील. स्टोकला इथल्यापेक्षा जास्त थंडी आहे असं रेडिओवर सांगत होते.

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. हिवाळी कोट पाठव, आणि फ्लीस पबच्या स्नगमध्ये, बायकांच्या खोलीत, माझे राखाडी हातमोजे राहिलेत ते बघ, एवढंच होतं. मागे काही लिहिलं आहे का ते पाहिलं. नव्हतं.

इकडची हालहवाल अशी. समोरच्या ओळीतली घरं नऊ नंबरपर्यंत पाडून झाली. मिसेस लोमॅक्सची भिंत गेली तेव्हा तिचा निळा वॉलपेपर दिवसभर वाऱ्यावर फडफडत होता. फ्लीसला मात्र हात लावणार नाहीत म्हणतात. कोपरा उरला आहे, रस्ते गेले आहेत. आपल्या ओळीला नोटीस नाही. कारखान्यात रेनकोटच्या गोदामाची नोंद आता पूर्ण माझ्याकडे दिली आहे. पगार वाढलेला नाही. सिंकचा नळ दुरुस्त केला. मांजर शेजारी जेवतं आणि आपल्याकडे झोपतं.

काल शुक्रवार होता. कामावरून सुटलो आणि हातमोजे आणायला गेलो. पब नुकताच उघडला होता. पाय सवयीने टॅनर स्ट्रीटवरच्या पुरुषांच्या दाराकडे वळले. दारावर हात ठेवल्यावर लक्षात आलं की हातमोजे इकडे नाहीत. मग कोपऱ्याला वळसा घालून तुझ्या दाराने आत गेलो.

पाच वर्षं आपण त्या कोपऱ्यापर्यंत हातात हात घालून यायचो आणि तिथे हात सोडायचो. सगळेच सोडतात. पुरुषांच्या बाजूला बाईला कोणी ग्लास देत नाही, आणि स्नगमध्ये पाइंटला एक पेनी जास्त पडते. आपण घरासाठी साठवत होतो. मी तुला हे समजावून सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "बरोबर आहे तुझं." मला वाटलं होतं, तुला खरंच तसं वाटतं.

स्नग इतकी लहान असेल याची मला कल्पना नव्हती. गुडघे टेबलाला लागतात. आत एल्सीमावशी एकटीच होती, शेकोटीजवळ, पुढ्यात स्टाउट बिअर.

"दार चुकलास का रे? बाप्यांचा पाणवठा पलीकडे आहे," ती म्हणाली.

"बेरिलचे हातमोजे न्यायला आलोय."

"हातमोजे! बायको जाऊन सहा आठवडे झाले आणि बाबा आलाय हातमोजे न्यायला."

तेवढ्यात बारवर दोन्ही बाजूंच्या मधे असलेल्या कोरीव काचेची एक झडप फिरली आणि मालकीणबाईंचा, मिसेस ग्रिमशॉंचा, चेहरा दिसला. "बस खाली, डेनिस. हातमोजे माझ्याकडे आहेत, पळून जात नाहीत. काय घेतोस?"

"माइल्ड बिअर, एक पाइंट."

"बारा पेन्स. इकडे बारा पडतात. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"असणारच. त्याशिवाय का पाच वर्षांत तोंड दाखवलं नाहीस!"

मी एल्सीमावशीच्या समोर बसणार होतो. ती म्हणाली, "तिथे नको. तिच्या जागेवर बस." म्हणून मी कोपऱ्यात, बारला लागून असलेल्या तुझ्या जागेवर बसलो.

बेरिल, तिथून दोन झडपांच्या मधल्या फटीतून पलीकडचं दिसतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस. डॉमिनोचं टेबल पूर्ण दिसत नाही. माझ्यासमोर खेळणाऱ्या वॉल्टरचा एक हात दिसतो. माझी खुर्ची दिसते, पण मागून. काल ती रिकामी होती, तरी मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो.

"तिला तुझी पाठ तोंडपाठ झाली होती," एल्सीमावशी म्हणाली. "खांदे हलले की म्हणायची, जिंकला बघा. हलले नाहीत की म्हणायची, आज घरी जाताना बोलणार नाही."

हसताना माझे खांदे हलतात हे मला माहीत नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी चहा करून आलो. पुढचं लिहायचं नव्हतं. कोट, हातमोजे, नळ, मांजर एवढंच लिहून पार्सल बांधणार होतो.

मी पाइंट अर्धा केला तेव्हा एल्सीमावशी शेकोटीकडे बघत म्हणाली, "आता बसायला लागली असती."

"कोण?"

"कोण काय कोण, मेल्या? तुमची नोरा."

आपल्या मुलीचं नाव मी कालच पहिल्यांदा ऐकलं. माझ्या आईचं नाव. आईने तुला शेवटपर्यंत सुखाने एक कप चहा पिऊ दिला नाही, आणि तू तिचं नाव ठेवलंस. मला तो कागद आठवला, एप्रिलमध्ये रुग्णालयातून दिलेला. त्यावर तारीख होती, "मृत जन्म" असं होतं, "मुलगी" असं होतं. नावासाठी जागा नव्हती. जागा नव्हती म्हणून मी विचारलं नाही. मी कसा आहे ते तुला माहीत आहे. नर्सने सांगितलं, घरी जा, बायकोला विश्रांती घेऊ द्या, हा विषय काढू नका, लवकर विसरतील. मी विषय काढला नाही. मला सांगितलं होतं तसं केलं. रोज रात्री तू भिंतीकडे तोंड करून झोपायचीस आणि मला वाटायचं, चला, विसरते आहे.

मी एल्सीमावशीला विचारलं, "तुम्हाला कधी सांगितलं तिने?"

"ऑगस्टात. इथेच."

काचेपलीकडून मिसेस ग्रिमशॉ म्हणाल्या, "आम्ही चौघी होतो. तिने नाव सांगितलं. एल्सी म्हणाली, मग पोरीचं डोकं भिजलं पाहिजे, तिच्या नावाने ग्लास उचलायला हवा, मेली म्हणून काय झालं, जन्माला आली होती ना! बेरिल म्हणाली, थांबा, डेनिसला बोलावते. आणि तिने अंगठीने काच वाजवली."

ती टकटक मला आठवते. खरंच आठवते. माझ्या हातात शेवटच्या दोन सोंगट्या होत्या आणि दोन्ही लागणार होत्या. स्नगकडून काच वाजली की आणखी एक ग्लास हवा, हे फ्लीसमध्ये पोरासोरांनाही ठाऊक आहे. मी मागे वळलोसुद्धा नाही. एक बोट वर केलं आणि म्हणालो, "मिसेस ग्रिमशॉ, बायकोला एक पोर्ट-लेमन." वॉल्टर म्हणाला, "चैन आहे बाबा बायकांची." आम्ही हसलो. म्हणजे माझे खांदे हलले असणार.

मी तुला पोर्ट-लेमन पाठवलं.

"मी तो ग्लास तिच्यापुढे ठेवला," मिसेस ग्रिमशॉ म्हणाल्या. "तिने बघितला. म्हणाली, 'बरं.' तेवढंच. मी म्हटलं, थांब, मी त्याला कान धरून आणते. तर म्हणाली, नको, त्याचा डाव चाललाय. तिने तो प्यायला नाही. मी नंतर मोरीत ओतला."

मी म्हणालो, "मला वाटलं, तिला प्यायला हवंय."

एल्सीमावशी म्हणाली, "तुझी चूक नाही रे राजा. काच तशीच वाजते." मग थोड्या वेळाने, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "माझाही एक होता. लढाईच्या आधी. मीही नाव ठेवलंय. ते नाव वॉल्टरला अजून ठाऊक नाही."

वॉल्टर आणि ती, नवरा-बायको, असे पलीकडे-अलीकडे बसतात त्याला तीस वर्षं तरी झाली असतील. मधे एक काच आहे.

मी उठलो आणि घरी आलो. कपाटावरचा चहाचा डबा उतरवला. त्यात पाच पौंड होते. मार्चमध्ये मी ते बाजूला काढले होते, बाळाचं डोकं भिजवायला, म्हणजे त्या दिवशी सगळ्या बारला माझ्याकडून पाइंट. एप्रिलनंतर ते पैसे मी घराच्या पैशांत मिसळले नाहीत. का, ते मला सांगता येत नाही. हिशेबात ते कुठेच बसत नव्हते. तू झटकायला डबा उतरवायचीस तेव्हा तुला दिसले असतील. तूही काही बोलली नाहीस.

डबा घेऊन मी परत गेलो, या वेळी टॅनर स्ट्रीटच्या दाराने.

"आला पळपुट्या!" वॉल्टर ओरडला. "बायकांत बसून आलास म्हणे? काय, विणकाम शिकवलं का? बस, सोंगट्या मांडल्यात."

"बसत नाही. आज सगळ्यांना माझ्याकडून."

"शर्यतीत घोडा लागला की काय?"

"नाही. माझ्या मुलीचं डोकं भिजवायचंय. नोरा नाव आहे. एप्रिलमध्ये झाली. जगली नाही."

मी हे उभ्यानेच म्हणालो आणि वाटलं त्यापेक्षा मोठ्याने. मागच्या बाकावरच्या माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली, मग बाकीच्यांनीही काढल्या. मिसेस ग्रिमशॉंनी एकेक पाइंट भरून पुढे सरकवला, कुणाला काय, कितीचं वगैरे न विचारता. मी काचेपाशी गेलो आणि बोटाने वाजवली. झडप फिरली. पलीकडे एल्सीमावशीने ग्लास उचलला होता.

"नोरा," ती म्हणाली.

"नोरा," इकडचे म्हणाले. कोणी जोरात, कोणी पुटपुटत. मी ते नाव पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं तेव्हा तू तिथे असायला हवी होतीस.

वॉल्टर नंतर म्हणाला, "आमच्याजवळ कधी बोलला नाहीस, डेनिस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आम्हाला वाटलं, तू इथे ते विसरायला येतोस."

"मलाही तसंच वाटत होतं."

तो हातातली सोंगटी बराच वेळ फिरवत राहिला. मग विचारलं, "ती तिकडे आणखी काही बोलली का? एल्सी?"

मी म्हणालो, "तू जाऊन विचार." मी हातमोजे घेऊन निघालो तेव्हा त्याचा अर्धा पाइंट टेबलावर तसाच होता आणि खुर्ची रिकामी होती. एवढ्या वर्षांत अर्धा पाइंट टाकून उठलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं.

बेरिल, परत ये असं मी लिहिणार नाही. तू हिवाळी कोट मागितलास. कोट कशासाठी मागवतात ते मला कळतं. वसंतात काय मागशील, की काहीच मागणार नाहीस, हे मला माहीत नाही आणि मी विचारत नाही.

सोमवारी अर्धी रजा घेतली आहे. रुग्णालयात जाऊन विचारणार आहे की त्यांनी तिला कुठल्या दफनभूमीत ठेवलं. ते सांगतील की नाही माहीत नाही. सांगेपर्यंत तिथून उठणार नाही. जागा कळली की तुला कळवीन. मग तुझं तू ठरव. मी बरोबर यावं असं वाटलं तर येईन, एकटीने जायचं असेल तर मी फाटकाबाहेर थांबेन.

हातमोजे कोटाच्या डाव्या खिशात आहेत. उजव्याच्या अंगठ्याची शिवण उसवली होती, ती मी घातली आहे. टाके नीट आलेले नाहीत.

तू काच वाजवलीस. मला ऐकू आली होती.

नोराचा बाप,
डेनिस

ता. क. कालचा हिशेब तुझ्यापासून लपवायचा नाही म्हणून देतो.

स्नगमध्ये माइल्ड, एक पाइंट (खिशातून): १२ पेन्स
पुरुषांच्या बाजूला माइल्ड, नऊ पाइंट: ९९ पेन्स
एल्सीमावशीला स्टाउट: १४ पेन्स
मिसेस ग्रिमशॉंना जिन: १५ पेन्स
डब्यात शिल्लक, नोराच्या नावावर: ३ पौंड ७२ पेन्स

देणं: बेरिलचं. आकडा मांडता आला नाही. जागा कोरी ठेवली आहे.