मशीन बंद असतानाच्या बोलण्याची व्यवस्था

घरात भिंगरी आणि साबण कारखान्यामागच्या रस्त्यावर मशीनवाली म्हणून ओळखली जाणारी मी, वय तिशीच्या आत, धंदा धड एकही नाही, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वतःच्या मनाने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आहे ते छातीत, आणि त्यासाठीच परवा ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, पण मागचं-पुढचं आवरून ठेवा." काळजीचं नाही तर आवरायचं कशाला, हे विचारायचं त्राण नव्हतं. हल्ली जिना चढला की वाक्य अर्धं राहतं. इथेही कुठे राहिलं तर वाचणाऱ्याने पुरं करून घ्यावं.

कलम पहिले. सायकल दादाला. ब्रेक एकच लागतो, मागचा. दादाने ती भंगारात न घालता वापरावी, पोट उतरेल. गादी, स्टोव्ह, भांडी वहिनीने ठेवावीत किंवा कोणाला द्यावीत. पुस्तकंही तिलाच. त्यातली बहुतेक अर्धी वाचलेली आहेत. खुणेच्या चिठ्ठ्या काढू नका असं लिहिणार होते, पण राहू दे, तिथून पुढे कोण वाचणार आहे?

कलम दुसरे. आवाज टिपायचं मशीन, लोखंडी कपाटातली सगळी ध्वनिमुद्रणं आणि कागदांची पेटी. हे कपाट माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगावं लागेल. कॉलेज मी सोडलं होतं. त्याआधी छपाई शिकायला घेतली होती, त्याआधी फिरत्या नाटक मंडळीत पडदे ओढले. दादाच्या भाषेत, बुडाला चाकं. या गावात आले ती थोडे दिवस स्वस्तात राहायला. खोली मिळाली शिवणाच्या दुकानावर, बंद पडलेल्या कारखान्याच्या पाठीमागे. संध्याकाळी पायऱ्यांवर म्हाताऱ्या बायका बसायच्या आणि बोलता बोलता त्यांचे हात हवेत कसल्यातरी घड्या घालायचे. विचारलं तर हसल्या. "अगं, वेष्टणं! जन्मभर साबण गुंडाळला, आता हात ऐकतात होय?" हात टिपता येत नव्हते, म्हणून मी आवाज टिपायला लागले. मग जी अडकले ती अडकलेच.

मशीन, कपाट आणि पेटी वाचनालयाला द्यावीत. पेटीत हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, कामावरून काढल्याची पत्रं आणि सहलीचा एक फोटो आहे, ज्यात झाडून सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. अट एकच, काही कापायचं नाही. वाचनालयाचे सचिव मला म्हणाले होते, "ताई, यातला खोकला, भांडणं, कुकरच्या शिट्ट्या काढून छान अर्ध्या तासाचं करून द्या ना." मी म्हटलं, "साहेब, खोकला काढला तर कारखान्याचं उरेल काय?" साबणात घालायच्या कॉस्टिकच्या वाफेने तिथल्या प्रत्येकाचा घसा गेलेला आहे. सचिवांना मी वेगळं काही ठेवत नाही. त्यांनी माझी खुर्ची कार्यक्रमाला नेली ती परत आलेली नाही, तीच त्यांना लखलाभ.

कलम तिसरे. मशीनसमोर लोक चांगलं बोलतात. चांगलं म्हणजे सभ्य. मालक देवमाणूस होते, दिवस सोन्याचे होते. मग जरा वेळाने म्हणतात, "बंद कर ते. आता ऐक." मी बंद करते. माझ्याकडे बंद म्हणजे बंद. खोलीवर येऊन लिहूनही काढायचं नाही. त्यामुळे कपाटात आहे ते निम्मं. बाकीचं माझ्या डोक्यात आहे आणि डोकं परवा भूल देणाऱ्याच्या हवाली होणार आहे.

त्यातलं बहुतेक माझ्याबरोबर गेलं तरी कोणाचं अडणार नाही. कोणाचं कोणावर मन होतं, कोणी साबणाची कातरणं घरी नेली. जाऊ देत. पण एक गोष्ट गेली तर एका बाईचं नुकसान आहे. ती म्हणजे खालची शिवणवाली. तिचे वडील साबणाच्या कढईवर मिस्तरी होते. कढई उतू जाऊन भाजले आणि गेले. कंपनीच्या कागदावर कारण लिहिलंय, "स्वतःचा निष्काळजीपणा". मी जिना उतरताना ती सुई थांबवून विचारते, "तुझ्या पेटीत आमच्या बाबांचं आणखी काही निघालं का गं?" मी नाही म्हणते. पेटीत खरंच काही नाही.

मला जे कळलं ते वेष्टण खात्यातल्या आक्कांनी सांगितलं, मशीन बंद करायला लावून. वर म्हणाल्या, "मी आहे तोवर कुठे बोलायचं नाही. मी गेले की सांग तिला." त्या ऐंशीच्या पुढच्या, मी ही अशी. रांगेत मी पुढे उभी राहीन असं दोघींच्याही मनात आलं नाही. आता मी बोलले तर शब्द मोडतो आणि न बोलता गेले तर गोष्टच जाते. दस्तलेखकाला विचारलं, तर तो म्हणतो, "बाई, वस्तू दाखवा, मग देता येईल." म्हणून इतकंच लिहिते की ही गोष्ट मी शिवणवालीला देते. ती घ्यायला तिने आक्कांकडे जावं आणि मी पाठवलंय म्हणून सांगावं. पुढचं आक्का जाणोत. यापेक्षा बरा मार्ग मला सुचला नाही, आणि शोधत बसायची ताकद नाही.

कलम चौथे. माझ्यामागे भाषणं नकोत. दादाला बोलावंसं वाटलंच तर त्याने घरी बोलावं, वहिनीला सवय आहे.

पुरवणी, सहीच्या वेळी लिहिलेली. आज आक्का साक्षीला आल्या. दुसरा साक्षीदार औषधाच्या दुकानातला, तो आलाच नाही. शिवणवाली आक्कांसाठी खुर्ची घेऊन वर आली होती आणि परत निघाली होती, तर आक्का म्हणाल्या, "बस गं, उतरताना मला धरायला कोण आहे? आणि तू वाच. न ऐकता मी सही करत नाही. एकदा केली, कारखान्यात, तेवढी पुरे."

मी वाचलं. तिसरं कलम गाळून पुढे गेले.

"दुसऱ्यानंतर चौथं? मला आकडे येतात."

मग तिसरंही वाचलं. आक्का म्हणाल्या, "माझ्याआधी निघालीस होय? आणि हिला माझ्या दारात उभी करून!" मग मान वळवून शिवणवालीला म्हणाल्या, "तुझा बाप बोलला होता. वाफेची चावी अडकते, कढई थांबवा, म्हणून. मुकादमाला, माझ्यासमोर. मुकादम म्हणाला, एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू. मुकादम म्हणजे माझा भाऊ. तो गेला. त्याची मुलं मला रोज डबा पाठवतात."

शिवणवालीच्या गळ्यात मापाची टेप होती, ती तिने बोटाला गुंडाळली, सोडली. "बाबा बोलले होते?"

"ओरडून बोलला."

"आई शेवटपर्यंत म्हणायची, चावी बिघडली होती तर या माणसाला तोंड नव्हतं का."

  मी विचारलं, हे कागदावर घालू का? आक्का म्हणाल्या, "घाल. आणि मुलांनी डबा बंद केला तर काय करायचं तेही घाल." तसं काही मला घालता आलं नाही. शिवणवाली उठून गेली नाही.

तरी तिसऱ्या कलमातली देणगी रद्द समजावी, कारण ती माझ्या हयातीत, मी न देताच पोचली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीला घेऊ नये, असं दस्तलेखकाने बजावलं होतं. शिवणवालीला आता यातून काहीच मिळत नाही, म्हणून औषधवाल्याच्या जागी तिलाच साक्षीला घेतलं.

ठिकाण: शिवणाच्या दुकानावरची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार. आकडे दस्तलेखकाने भरावेत.

लिहून देणार: भिंगरी. (सही)

साक्षीदार पहिली: आक्का, वेष्टण खाते. (सही, चष्म्याशिवाय)

साक्षीदार दुसरी: ~~शिवणकाम करणारी~~ कढईवरच्या मिस्तरीची मुलगी. (खाडाखोड तिची, कबूल. सही)