मुराळी म्हणून ट्रक पाठवला

अक्का,

जित्यापणी तुला साधं कार्ड टाकलं न्हाई, आन् आता पत्र लिहून राहिलो. हसशील तू. हास! पण पंचमी तोंडावर आलीय आन् मला दुकानात बसवेना.

दरसाल मी मुराळी होऊन चाकूरला यायचो, तुला माहेरी मुरुडला न्यायला. तू चहा टाकायचीस, मी उभ्यानंच प्यायचो. "चल लवकर, एस्टी जाईल!" तू म्हणायचीस, "अरं शिवा, टेक की जरा! मुराळी हायस का वसुलीवाला?"

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, माणसं आली. मी मुरुडचं दुकान उचलून लातुरात आणलं. बादल्या, घागरी, ड्रम. वरून दुष्काळ. टँकर यायचा म्हणलं की ज्याच्या घरी ड्रम न्हाई तो माझ्या दारात. लोकांच्या घशाला कोरड आन् माझं दुकान लई जोरात!

त्याच दुष्काळात पंचमीच्या तोंडावर तुझा निरोप आला, "येतूस ना?" मी काय केलं? नांदेडहून माल घेऊन आमचा ट्रक चाकुरावरूनच यायचा. रशीदभाई ड्रायव्हरला म्हणलं, "येताना अक्काला केबिनात बसवून आण."

तो म्हणला, "बहन को लेने भाई जाना शेठ, डायवर नको."

"गाडी चालव. शहाणपण करू नको."

ट्रक आला, तू न्हाई. "अक्का म्हणल्या, डोकं दुखतंय." मी भडकलो. गिऱ्हाईकांसमोर म्हणलं, नातवंडं झाली तरी हिला मिरवत न्यायचं का? खरंच बरं न्हाई का, एवढं तरी विचारावं! तेबी केलं न्हाई. रुसून बसलो. संक्रांतीला तू तिळगूळ धाडलास, मी "मिळाला" म्हणून निरोपसुदीक दिला न्हाई.

उन्हाळ्यात तुझी खबर आली. त्या दिवशी शटर ओढायला मला येळ लागला न्हाई. माहेरची साडी भावानंच न्यायची असती, म्हणून पळत आलो. जित्या बहिणीला न्यायला ट्रक, आन् माती द्यायला मी! लाज वाटायला एवढं बास होतं. पण तुझ्या दिवसांना तुझ्या लेकीनं, महादेवीनं, पुढचं सांगितलं.

"मामा, आईला काय बी झालं न्हवतं. तिनंच मला मागनं सांगितलं. नवं लुगडं नेसून, पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, आज आमचा शिवा येणार. मग ट्रक आला. ती उठून आत गेली, आन् डोकं दुखतंय म्हणून सांगितलं."

"का गं?"

"भावाला सवड झाली न्हाई, असं बायांनी म्हणू नये म्हणून."

अक्का, बाहेर येऊन शिव्या द्यायच्या होत्यास की! माझी इज्जत कशाला झाकलीस? शिव्या ऐकून मी धावत आलो असतो... आलो असतो का? खरं सांगतो, न्हाई. बायकांचं नाटक म्हणून परत गल्ल्यावर बसलो असतो. दुपारी तर कुत्रं फिरकत न्हवतं दुकानाकडं. पेपर वाचत बसायचो मी. आन् फुरसत न्हाई म्हणायचो!

महादेवीला भाऊ न्हाई. तिचं माहेर म्हंजे तू होतीस. यंदा सण करायचा न्हाई, ठाऊक हाय मला. तरी पोरीला न्यायला कुणी तरी जायाच पायजे. उद्या पहिल्या गाडीनं मी तिच्या सासरी मुदखेडला चाललोय. माझा मी. ती माझ्याशी अजून नीट बोलत न्हाई. यायची का न्हाई, तेबी ठाऊक न्हाई. न्हाई म्हणली तर तिच्या हातची भाकर खाईन, लेकरांशी बोलत दिवसभर बसीन, आन् पुढच्या साली परत जाईन. तिनं दार लावून घेतलं तरी जाईन. पाय चालतात तवर दरसाल.

तुझाच,
शिवा