सासूबाईंची मेथी

आई, तुझ्या सुनेने वाळवलेली मेथी आता समुद्रापार जाते. मेथी, कारली, गवार, भोपळ्याच्या फोडी, सगळं वाळून पाकिटात बंद होतं आणि मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत जहाजात चढतं. तिकडच्या दुकानांत म्हणे आपल्या पालेभाजीला इकडच्या सुक्या मेव्याचा भाव येतो. मिहानच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिने शेड भाड्याने घेतली आहे, गरम हवेचं मशीन आहे, हाताखाली बारा बाया आहेत. मी मॅट्रिक, ती नववी नापास. तरी लग्नाकार्यात मला विचारतात, “एक्स्पोर्टवाल्या बाई तुमच्या भावजय ना?” मी हो म्हणते आणि ताटातला घास गोड लागेनासा होतो. हे मी देवासमोर बसूनही बोलले नाही, म्हणून कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तुला लिहिते आहे.

पाकिटावर तिने छापलं आहे, “सासूबाईंची पद्धत.” पहिलं पाकीट ती मोठ्या प्रेमाने मला द्यायला आली तेव्हा ती ओळ मी दोनदा वाचली. तू तिची सासू शेवटची नऊ वर्षं. माझी आई तू जन्मापासून, पण ते कुठे छापायचं? धंतोलीच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी तीच बसली, हे मला मान्य आहे. मी डबा घेऊन जायचे आणि चारच्या बसने परत यायचे, घरी सासऱ्यांचं पथ्य होतं. तेवढ्या दिवसांत तू तिला काय काय सांगितलंस ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. ते पाकीट मी फोडलं नाही. उपासाला चालत नाही, असं घरात सांगून फळीवर ठेवून दिलं.

या पौषात तिचा फोन आला. मी पूजा आटोपून वाती वळत होते. “ताई, मेथी काळी पडून राहिली जी. व्यापारी म्हणते, पुढचं सॅम्पल असंच आलं तर तिकडचा गिऱ्हाईक तुटला समजा. बायांले काय सांगू मी? तुम्ही आईंच्या हाताखाली वाढल्या, तुम्हाले काही आठवते का?” मी विचारलं, “धुता कधी वं तुम्ही?” म्हणाली, “संध्याकाळी धुऊन क्रेटमध्ये भरून ठेवतो. सकाळी बाया आल्या की मशीनमध्ये टाकतो.” आई, मला तिथेच कळलं. त्याच घडीला. आणि मी म्हणाले, “मले काय समजते बाई मशीनमधलं? देवाले माहीत.” फोन ठेवला, उरलेल्या वाती वळल्या. चार दिवस मी गप्प राहिले. पोथी वाचताना डोळे ओळीवरून फिरायचे आणि मन त्या काळ्या मेथीपाशी बसून असायचं. वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी शेडवर गेले. मदत करायला नाही, तिचा उतरलेला चेहरा पाहायला. बाया खाली मान घालून काड्या निवडत होत्या. एकीने मला स्टूल दिलं आणि हळूच म्हणाली, “ताई, काम बंद नाही ना होणार? पोरीची फी भरायची आहे.” माझा हात आपोआप शेजारच्या क्रेटमध्ये गेला. आत गरम. आणि मी आपल्या गच्चीवर आहे, चौदा वर्षांची. धुतलेली मेथी टोपलीत तशीच दाबून ठेवून मी मैत्रिणीकडे सागरगोटे खेळायला गेले आहे. तू माझं मनगट धरतेस, हात टोपलीत खुपसतेस. “पाह्य, ताप आला का नाही तिले? ओल्या भाजीले गर्दी सोसत नाही वं. धुतली की लगेच पसर, पानाले पान लागू देऊ नको.” सगळी टोपली तू गाईपुढे टाकलीस आणि त्या दिवशी माझ्या ताटात भाजी वाढली नाहीस. “हात इकडे आण,” मी भावजयीला म्हणाले आणि तिचा हात क्रेटमध्ये घातला. “समजलं? धुवायचं सकाळी, थोडं थोडं, आणि लगेच जाळीवर पसरायचं.” तिने दुसऱ्या क्रेटमध्येही हात घालून पाहिला. मग बायांना म्हणाली, “ऐकलं ना? ताई म्हणतात तसं करा.” तेव्हा मला फार बरं वाटलं, आई. त्या चार दिवसांत वाटलं होतं त्याहून जास्त.

सॅम्पल पास झालं, हिरवंगार. काल ती पेढे घेऊन आली, पाया पडली. “ताई, हे आईंनीच शिकवलं असेल ना तुम्हाले? मले तर त्या कधी बोलल्या नाहीत.” तुझ्याकडून तिला न मिळालेलं असं हे एकच माझ्याजवळ होतं. ते तुझं आहे म्हटलं असतं तर तेही तिच्या सासूबाईंचं झालं असतं. मी म्हणाले, “नाही वं. माझं मलेच सुचलं.” तिला आनंद झाला. म्हणाली, “मग नवीन पाकिटावर ती सासूबाईंची ओळ काढतो, ‘ताईंची पद्धत’ लिहितो.” मी राहू दे, राहू दे म्हणाले, पाहुणीने पोळी वाढू नका म्हणावं तसं.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, तू गेलीस तिथला पत्ताही नाही. पाकिटं उद्या दुपारी छापायला जाणार आहेत. मी एक फोन केला तर तुझी ओळ राहील. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला, आई, आणि दोन्ही वेळा पदराने पुसून ठेवून दिला.