दोघांपैकी एक

६ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा संपलो आम्ही! या वर्षात कितव्यांदा ते आठवत नाही. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीचा मालक म्हणाला, सहा महिन्यांत जगात प्रोग्रामर नावाचा प्राणी उरणार नाही. आमचे साहेब युधा, पाक युधा म्हणायचं त्यांना — त्यांनी ती बातमी सकाळी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. खाली टाळ्यांची चित्रं.

त्याच कंपनीची वेबसाइट उघडून पाहिली. दोनशे प्रोग्रामर पाहिजेत. तातडीने!

कांग ओपिकला दाखवलं. तो म्हणाला, "अगं नेंग, हे सहा महिने ढकलायला कोणीतरी लागेलच ना!"

बांडुंगच्या या ऑफिसात अकरा वर्षं समोरासमोर बसतो आम्ही. तो मोठा, म्हणून मी त्याला कांग म्हणते. मी लहान, म्हणून नेंग. माझी चाळिशी आली तरी नेंगच.

७ ऑक्टोबर

कोड लिहिणारं यंत्र आलं. यंत्र कसलं — स्क्रीनच्या उजव्या बाजूला एक खिडकी. पाक युधांचा हुकूम: यापुढे हाताने काही लिहायचं नाही. "तुम्ही फक्त तपासा."

इतकी वर्षं कोड लिहून शेवटी मास्तरीण झाले. वह्या तपासतेय. आणि हा विद्यार्थी कधी ओशाळतही नाही. चूक दाखवली की म्हणतो, "अगदी बरोबर पकडलंत!" आणि तीच चूक चार ओळी खाली परत करतो.

"माझा मेहुणा असाच आहे," — कांग ओपिक.

९ ऑक्टोबर

दर गुरुवारी साहेबांना अहवाल द्यायचा, आठवडाभर काय केलं त्याचा. आम्ही यंत्राला दोन ओळी देतो, ते त्याची दोन पानं करतं. पाक युधा ती दोन पानं यंत्रालाच देतात, ते त्याच्या दोन ओळी करतं. मधली पानं जगात कोणीच वाचत नाही.

खात्री करायला कांग ओपिकने आज मध्येच घुसडलं — 'बुधवारी दुपारी बाटागोर खाल्लं, शेंगदाण्याची चटणी कमी होती.' साहेबांकडून सारांश आला: 'टीमने स्थानिक उद्योजकांशी संपर्क वाढवला असून गुणवत्तेविषयी सूचना केल्या आहेत.' शाबासकीचं चित्र!

१० ऑक्टोबर

बातमी: एका कंपनीच्या यंत्राने ग्राहकांची सगळी माहिती पुसून टाकली आणि नंतर माफी मागितली. माफी वाचली. सुरेख होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गारूतचं प्रकरण.

आमचं ॲप दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावतं. मागच्या आठवड्यात यंत्राने त्यात एक सुधारणा केली — डॉक्टरांचा रिकामा वेळ शोधून तो भरायचा. त्याला दिसलं की शुक्रवारची दुपार सगळ्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं रिकामी आहे. केवढी ही नासाडी! भरून टाकली.

जुम्म्याच्या नमाजाची वेळ. डॉक्टर मशिदीत, कंपाउंडर मशिदीत, आणि गारूतच्या दवाखान्याच्या अंगणात साठेक पेशंट, प्रत्येकाच्या हातात बाराचा नंबर. तिथली सिस्टर फोनवर कांग ओपिकला म्हणाली, "तुमच्या बांडुंगात कोणी नमाजाला जात नाही का हो?"

"जातो ना, सिस्टर. आज तुमच्यासाठी इथेच बसलोय."

आणि बसला. चार वाजेपर्यंत. एकेका पेशंटला फोन लावून वेळ बदलून देत होता, माफी मागत होता. त्याची माफी काही सुरेख नव्हती. अडखळत होता. एक म्हातारी डोंगरावरून दोन गाड्या बदलून आली होती. तिचं मुलाबाळांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं ऐकून घेतलं, आणि सिस्टरच्या मागे लागून तिला सगळ्यांआधी आत पाठवलं.

ती सुधारणा मीही पाहिली होती. मलाही काही खटकलं नव्हतं. पण शेवटचं बटण त्याने दाबलं, त्यामुळे नोंद त्याच्या नावावर. मीटिंगमध्ये पाक युधांनी विचारलं, "हे पास कोणी केलं?"

"मी," कांग ओपिक म्हणाला.

मी चहा पीत होते.

२० ऑक्टोबर

बातमी: एका बड्या कंपनीने हजारो माणसं काढली, तिचा शेअर वधारला. ही बातमी पाक युधांनी ग्रुपवर टाकली नाही. तेव्हाच समजले काय ते.

२१ ऑक्टोबर

जेवताना कांग ओपिकने एकदम विचारलं, "आई कशी आहे गं? दिवसा तिच्याजवळ कोण असतं?"

अकरा वर्षांत आम्ही यंत्रं, साहेब, त्याची पोरगी आणि मेहुणा सोडून कशावर बोललो असू तर शपथ. म्हटलं, शेजारीण डोकावते. बाकी घटस्फोटानंतर मीच मुलगा, मीच मुलगी, मीच कमावती.

"हं," म्हणाला. भजी संपवली. त्याच्या पोरीला यंदा योग्याकार्ताच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. दोन महिने रोज तिच्या वसतिगृहाचे फोटो दाखवतोय. आज नाही दाखवले.

२२ ऑक्टोबर

आमच्या मॅडम, बू मेलानींनी बोलावलं. कंपनीत माणसं घेणं आणि काढणं त्यांच्याकडे. दार लावून घेतलं. त्यांच्या खोलीत नेहमी निलगिरीसारखा वास असतो, सर्दी झालेल्या घरासारखा.

"नेन्देन, तू समजूतदार आहेस म्हणून विचारते. यापुढे सीनियरची एकच जागा राहणार. तू किंवा ओपिक. कोण गेलं तर काम अडणार नाही? शुक्रवारपर्यंत सांग. आणि हे आपल्या दोघींत."

"यंत्राला का नाही विचारत?"

हसल्या नाहीत. "माणसाचं मत हवंय, असं वरून आलंय."

२३ ऑक्टोबर

मीच विचारलं यंत्राला. ते म्हणालं, दोघंही मोलाचे आहात. मग दोन रकाने आखून दिले. आणि शेवटी — 'निरोपाचं पत्र लिहून देऊ का?' कोणासाठी, ते विचारलं नाही.

दुपारी यंत्र बंद पडलं! जगभर म्हणे. आख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसलं. कांग ओपिकने बाह्या सरसावल्या आणि हाताने लिहायला घेतलं, पूर्वीसारखं, शीळ घालत. "नेंग, बघ गं, अजून जमतंय का."

बघितलं. नीटनेटकं, एखाद्याने अंगण झाडावं तसं. एक कंस राहिला होता. दाखवला.

"अगदी बरोबर पकडलंत!" — यंत्राच्या थाटात, मान झुकवून. खूप हसलो. कधी नव्हे ते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं. ओपिक.

कारणं दिली. गारूतचं प्रकरण त्याच्या नावावर आहे. यंत्रावर माझा हात जास्त चालतो. खोटं एकही वाक्य नाही. आवाजही नेहमीचाच होता. बू मेलानींनी मान हलवली, मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं, थँक्यू म्हणाल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.

जागेवर आले तर टेबलावर अर्धं बाटागोर, कागदात गुंडाळलेलं. "गार होतंय, खा," कांग ओपिक म्हणाला. खाल्लं.

घरात आई आहे. औषधं आहेत. त्याला विचारलं असतं तर त्यानेही माझंच नाव घेतलं असतं. कोणीही घेईल. यात वैयक्तिक काही नाही.

२७ ऑक्टोबर

बातमी: एका कंपनीने यंत्रावर भरवसा ठेवून काढलेली माणसं आता परत बोलावली आहेत. निम्म्या पगारावर.

२८ ऑक्टोबर

त्याला कळवलंय. मला त्यानेच सांगितलं, पाण्याच्या कूलरपाशी, आज पाऊण वाजता मीटिंग आहे म्हणावं तसं. मी "अरेरे" म्हटलं. अरेरे!

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कांग ओपिकचा शेवटचा दिवस. खोक्यात कीबोर्ड, चपला, तिखटाची बाटली. पाक युधांनी भाषण वाचलं — 'ओपिक यांचा प्रेरणादायी प्रवास.' त्यात त्याला मुलगा आहे म्हटलं होतं.

"छान होतं भाषण, पाक," तो म्हणाला. "तपासलं कोणी?" सगळे हसले. साहेबही.

खाली मोटरसायकलपर्यंत खोकं पोचवायला गेले. काहीतरी बोलायचं होतं. त्यानेच हेल्मेट घालता घालता म्हटलं, "नेंग, बटण दाबण्याआधी नीट वाचत जा गं. आता समोर मी नसणार." वर बघितलं नाही. पट्टा लावत होता.

मी म्हटलं, "हो."

वर आले. समोरच्या टेबलाची वायर कोणीतरी गुंडाळून ठेवली होती.

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या पदाच्या कागदांवर सह्या करायला गेले होते. बू मेलानी खुशीत होत्या. चहा मागवला. म्हणाल्या, "तुमच्या दोघांमुळे फार सोपं गेलं बघ. एरवी या गोष्टींत किती रडारड होते! ओपिकला तर मी तुझ्याही दोन दिवस आधी, सोमवारीच विचारलं होतं. दोघांनी एकच नाव दिलंत."