कबुतरीची बॅटरी

प्रिय गुंड्या,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला गुंड्या म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा हा हक्क काही सोडणार नाही. तुझा रागाचा निरोप वाचला. लगेच फोन लावला, तू उचलला नाहीस. बरंच झालं एका अर्थी. फोनवर तू मधेच तोडतोस. पत्राचं तसं नाही, रागाने टेबलावर आपटलं तरी नंतर पुन्हा हातात घेता येतं. तेव्हा आपट हवं तर, पण घे. आणि मी नेहमीसारखी आडवळणाने मुद्द्यावर येणार आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

तू लिहिलंस, "बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं. माझा फोन यायची वेळ झाली की मुद्दाम गॅरेजमध्ये जाऊन गाडी सुरू करून बसतात. आता मी फोनही करणार नाही आणि या सुट्टीत येणारही नाही. त्यांना त्यांची कबुतरी पुरे आहे." हे वाचून आधी मला हसू आलं. बाबांच्या गाडीवर जळायची तुझी सवय शाळेपासूनची. तिच्या करड्या रंगावरून कबुतरी हे नाव तूच ठेवलंस आणि नंतर म्हणायचास, घरात धाकटा मी नाही, ती आहे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

तर कबुतरीपासूनच सुरुवात करते. तू रागावलास त्याच्या दोन दिवस आधीच तिची बॅटरी पुन्हा गेली होती. मी बॅटरीवाल्याला बोलावलं. तुला आठवत असेल तो, ज्याचं पोट आधी दारातून आत येतं आणि मग तो येतो. त्याने बॉनेट उघडलं आणि वाकून बघतच राहिला. टर्मिनल लख्ख पुसलेले, वर ग्रीसचा हात फिरवलेला, पाणी बरोबर खुणेपर्यंत. म्हणाला, "ताई, एवढी निगा लोक सासऱ्याची ठेवत नाहीत. मग ही दरवर्षी मरते कशी? रोज चालणाऱ्या गाडीत बॅटरी चार-पाच वर्षं आरामात जाते. जुन्या, उभ्या गाडीत तीन काढली तरी मी नमस्कार करतो. पण वर्षाला एक? तुमची गाडी पेट्रोलवर चालते की बॅटऱ्या खाऊन?" मी त्याला बाबांचा रविवार सांगितला. सकाळी गाडी सुरू करायची, जागेवरच चालू ठेवायची, तुझा फोन संपला की बंद करायची. त्याने कपाळाला हात लावला. "अहो, सेल्फ मारला की बॅटरी एका दमात केवढं तरी देऊन टाकते. ते परत भरायचं तर गाडी पळाली पाहिजे, निदान अर्धा-पाऊण तास. आणि हिच्यात जुना डायनमो आहे. जागेवर फुरफुरताना तो काही भरत नाही. तो लाल दिवा बघा, इंजिन सुरू असतानाही विझत नाही ना? तो तेच ओरडून सांगतोय. वर हे काट्यांचं घड्याळ, ते दिवसरात्र घोट घोट पीतच असतं. तुमची बॅटरी म्हातारपणाने मरत नाही हो, उपासमारीने मरते."

मी विचारलं, मग करायचं काय? तो म्हणाला, "चालवा. चालवणार नसाल तर तारा सोडवून चार्जरवर ठेवा. पण पाच मिनिटं सुरू करून बंद करणं सोडा. त्यापेक्षा अजिबात सुरू न केलेली बरी."

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, "बरं, बरं" म्हणाले आणि मी कात्रीच मागितल्यासारखे ती शोधायला निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. कारण गुंड्या, हे बाबांना माहीत नाही असं कसं होईल? हे आपल्याला कोणी शिकवलं? तू कॉलेजात असताना मित्राला दाखवायला गाडी सुरू केलीस आणि दोन मिनिटांत बंद केलीस, तेव्हा बाबा हातातला पेपर टाकून धावत आले होते. "तिच्याकडून घेतलंस ना? आता परत दे. तासभर फिरवून आण." तुझ्या मित्राचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्याला वाटलं, काय विचित्र बाप आहे, शिक्षा म्हणून गाडी देतो. तुला ती शिक्षा इतकी आवडली की पुढे कितीतरी वेळा तू तीच चूक मुद्दाम केलीस, आणि बाबांनीही दरवेळी तितक्याच रागाने तीच शिक्षा दिली. आई म्हणायची, "दोघं एकमेकांशी सरळ बोलले तर यांच्या तोंडाला काय फोड येतील?" पण ते तुमचं बोलणंच होतं, हे तिलाही कळत होतं.

मला गाडी कधीच मिळाली नाही. माझे पाय क्लचपर्यंत पोचायचे नाहीत, आणि पोचायला लागले तोवर स्टिअरिंगजवळचा तो गियर शिकवायला बाबांना वेळ नव्हता. मी मागच्या सीटवरचीच राहिले. पण मागच्या सीटवरून बरंच दिसायचं. छापखान्यात कामाला असताना बाबा हॉलच्या दारात उभे राहून, एवढ्या मशिनांच्या खडखडाटात, कोणती बिघडायला आली आहे ते सांगायचे म्हणे. गाडीतही तसंच. आपण भांडत असायचो आणि मधेच त्यांचं एक बोट वर जायचं. आपण दोघं वाक्याच्या मध्यावर गप्प. बाबा काच खाली करून ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसरा प्लग चुकतोय." घरी येऊन बघावं तर तिसराच प्लग काळा. तुला वाटायचं ही जादू आहे. मलाही वाटायचं, पण मी थोरली असल्यामुळे तसं दाखवलं नाही.

आता इकडचं सांगते, कारण तू फार दिवसांत आला नाहीस आणि मी फोनवर फक्त "सगळं ठीक" एवढंच म्हणते. बाबांनी गाडी चालवणं सोडलं ते तुला माहीत आहे. कारण सांगितलं गुडघ्याचं, क्लच दाबवत नाही म्हणून. पण गच्चीवर दिवसातून चार वेळा चढतात, झाडांना पाणी घालायला, आणि उतरताना शीळ वाजवतात. मी विचारलं तर म्हणाले, "जिना वेगळा, क्लच वेगळा." टीव्हीवर बातम्या बघतात तेव्हा आवाज बंद, नुसत्या खालच्या ओळी वाचतात. म्हणतात, "ही माणसं ओरडतात फार." मी संध्याकाळी गेले की टेबलावरचा दिवा माझ्या तोंडावर वळवून समोर बसतात. मी म्हणते, "बाबा, पोलीस चौकशी आहे का ही?" ते हसतात, पण दिवा तसाच ठेवतात. एकदा पाठमोरे होते तेव्हा विचारलं, "चहा ठेवू का?" तर म्हणाले, "गुरुवारी." मला वाटलं, तंद्रीत आहेत. कबुतरीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे असतात, आपल्याला ताप आल्यावर कपाळावर ठेवायचे तसा. मला वाटलं, लाड चाललेत. एकेक गोष्ट सुटी सुटी बघितली की काहीच वाटत नाही रे. म्हातारं माणूस, थोडं हट्टी, थोडं विसराळू, असं म्हणून आपण पुढे जातो.

मागच्या रविवारी सकाळी मी तिथेच होते. तुझ्या फोनची वेळ झाली, तसे बाबा मोबाइल घेऊन गॅरेजकडे निघाले. चष्मा टेबलावरच विसरले, म्हणून मी तो घेऊन मागून गेले. ते गाडीत बसले, किल्ली फिरवली. नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. लाल दिवासुद्धा मंद झाला. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला. म्हणजे इंजिन लागलं नाही हे त्यांना कळलं होतं. तेवढ्यात हातातला मोबाइल उजळला. त्यांनी तो कानाला लावला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हां, बोल रे! गाडी चालू आहे ना, नीट ऐकू येत नाही. पण तू बोल, मी ऐकतोय."

गॅरेजमध्ये इतकी शांतता होती की मला गाडीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

त्यावर तू काय म्हणालास ते तुझ्या निरोपातून कळलं. "बाबा, गाडी बंद आहे. बोलायचं नसेल तर सरळ सांगा." आणि तू फोन ठेवलास. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता, त्याबद्दल मनात काही आणू नकोस. पण पुढचं तुला माहीत नाही, ते मी बघितलं. तू फोन ठेवल्यावरही बाबा बोलत राहिले. "हो… बरं… छान… पोरं मजेत ना?… हो, हो… वेळेवर जेवतोस ना?… बरं." प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होते, तुझं उत्तर मावेल एवढा वेळ. तू काही गमतीचं सांगितलं असशील असं वाटून एकदा हसलेसुद्धा. मग म्हणाले, "ठेवतो. जप." मोबाइल खिशात टाकला आणि स्टिअरिंगवर हलकेच थाप मारली, काम झाल्यासारखी.

मी दारातून हाक मारली, "बाबा." मग मोठ्याने मारली. मग ओरडले. त्यांनी वळून बघितलं नाही.

मी गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसले, तेव्हा ते दचकले. माझ्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत. समोर माणूस असलं की तोंडावरून कळतं. फोनला तोंड कुठे असतं?" इंजिन सुरू असलं की कोणालाच नीट ऐकू येत नाही, मग दोष त्या इंजिनाचा. असा हिशेब होता त्यांचा. रस्त्यावर एकदा मागचा ट्रक कितीतरी वेळ हॉर्न देत होता आणि यांना पत्ताच नव्हता. गाडी चालवणं त्या दिवशी सुटलं, गुडघा उगाच बदनाम झाला. मी म्हटलं, "पण बाबा, आज तर गाडी बंद होती." ते किल्लीकडे बघायला लागले. मग हळूच विचारलं, "त्याला कळलं असेल?" खरंच, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाले, "मला चालू काय आणि बंद काय, कानाला सारखंच आता. तुम्हाला ऐकू येतं हे विसरायला होतं."

मी विचारलं, आधीच का नाही सांगितलंत? ते बॉनेटकडे बघत बसले. ज्या कानाच्या जोरावर माणूस आयुष्यभर "तिसरा प्लग" म्हणत आला, त्याने हे कोणाला आणि कसं सांगायचं? तुला तर नाहीच. तुझ्या लेखी ती जादू होती ना.

कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. यंत्र बसवायला तयार झालेत, कुरकुरत का होईना. समोरच्या बोलण्याला बराच उपयोग होईल म्हणतात, फोनचं मात्र सांगता येत नाही. तू म्हणशील, मग चेहरा दिसणारा फोन करू. माझ्या लेकीबरोबर करून बघितला. तिचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. बाबा म्हणाले, "ही पोरगी काहीतरी चघळत बोलते." तेव्हा तोही मार्ग संपला.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. नवी बॅटरी आणली आहे. ती गाडीत नाही, घरातल्या टेबलावर आहे, चार्जरला जोडलेली. बॅटरीवाल्याने बजावलंय, "चालवणारा आल्याशिवाय बसवू नका, नाहीतर हिचंही तेच होईल." कबुतरीचा गियर या जगात दोघांनाच येतो. त्यातल्या एकाने चालवायची नाही असं ठरलंय. बाबांना मी या पत्राबद्दल सांगितलेलं नाही. त्यांनी तर बजावलं होतं, "त्याला कळवू नकोस, तिकडे बसून काळजी करेल." म्हणून काळजी करू नकोस. ये. तुझ्या हाताने बॅटरी बसव, त्यांना शेजारी बसव आणि तिला लांब घेऊन जा. तासाभराची शिक्षा आहे असं समज. त्यांचा तळहात डॅशबोर्डवर असेल, तो तसाच राहू दे. काही सांगायचं असेल तेव्हा गाडी कडेला थांबव, त्यांच्याकडे तोंड कर आणि मग बोल. आलास की बेल वाजवू नकोस, ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बागेकडून सरळ गॅरेजमध्ये जा आणि बॉनेटसमोर उभा राहा, उजेडात, त्यांना तुझा चेहरा नीट दिसेल असा.

मागच्या सीटवर जागा धरून बसलेली,
तुझीच
ताई