धुऱ्यावरची किरिया

४ नोव्हेंबर, मंगळवार
वहिनी पुन्हा आल्या. दादा जाऊन तीन वर्षं झाली, पण खुर्ची दिली तरी त्या ओट्यावरच बसतात. म्हणाल्या, "भाऊजी, धुरा सरकला. माह्या संत्र्याच्या दोन ओळी तुमच्याकडं गेल्या." त्यांची बाग आणि आमची बाग, मधली हद्द म्हणजे हा धुरा. उन्हाळ्यात नितीनने जेसीबी लावून बांध नीट केला, तेव्हापासून त्यांचं हेच चाललंय. नितीन माझा मुलगा, शेती आता तोच पाहतो. आतूनच ओरडला, "मोजून घ्या ना मंग!" सीमांकनाचा अर्ज सौंसरच्या तहसिलीत पडून आहे, पटवारी आज येतो, उद्या येतो. आणि संत्र्याची तोड या महिन्यातच.
मी म्हणालो, मारुतीपुढे नितीनची किरिया होऊन जाऊ द्या. गावची जुनी रीत. ओल्या अंगाने रुईचं पान हातात घ्यायचं, मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथेवर सांगायचं. मग दोन्ही घरांनी गूळ खायचा, विषय संपला. वहिनी लगेच तयार झाल्या. सौ. माझ्याकडे बघतच राहिली. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, देवळात गेलो तो लोकांच्या लग्नापुरता.

५ नोव्हेंबर
इथे खरं लिहायला हरकत नाही. नि.वर माझा संशय आहे. वाटलं, किरियेचं नाव काढलं की कचरेल आणि घरातल्या घरात कबूल करेल. माझ्या वडिलांच्या, आबांच्या काळी भलेभले पायरीवरून परत फिरत. स्वतः मानत नाही त्याचा धाक मुलाला दाखवतोय. मास्तर, शाब्बास.

८ नोव्हेंबर, शनिवार
उरकलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ओला टॉवेल, हातात रुई, नि.चा आवाज स्वच्छ. "धुरा मी सरकवला नाही. सरकवला असंन तं माह्यं वाटोळं होवो." हात कापला नाही. कपडे केले आणि पायऱ्या उतरता उतरता फोन पाहत होता.
वहिनींनी गूळ तोंडात टाकला. "मारुतीपुढं बोलला, तं खरंच असंन. मीच येडी." अगदी मनापासून म्हणाल्या. ते जास्त लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार
आबांनी वाटणी केली तेव्हा धुऱ्याच्या दगडाखाली कोळसा पुरला होता. कोळसा सडत नाही, दगड कुणी हलवला तरी जागा कळते. खड्डा दादाने आणि मी खणला होता. आता माझ्याशिवाय कोणाला हे ठाऊक नाही.
आज नि. नागपूरला गेलेला. खणायला सब्बल घेऊन धुऱ्यावर गेलो. दगडाखाली नुसती माती. मग विहिरीपासून आबांनी तेव्हा मोजलेली पावलं टाकली, आमच्या बाजूला दोन ओळी आत, आणि हातभर खोल कोळसा लागला. तिथेच मातीत बसून राहिलो. रडू आलं, कुणासाठी ते सांगता येत नाही.

११ नोव्हेंबर
नि.ला विचारलं. "हो, सरकवला." इतकं सरळ! "काकूच्या हातून बाग होते का? झाडं वाळून राहिली होती, पाणी मी देऊन राहिलो."
"आणि किरिया?"
हसला. "बाबा, तुम्हीच वर्गात सांगत होते ना, शेंदूर फासला म्हणून दगड ऐकत नाही? मी पहिल्या बाकावर होतो. मंग मलेच काहून भेव दाखवता?"
म्हटलं, देव राहू दे, समोर तुझी काकू होती.
"मंग काकूचंच नाव घ्याचं होतं. मारुतीले काहून मधात आणलं?"
त्याच्या मनातून देव मी काढला, त्याचं अजूनही वाईट वाटत नाही. पण त्या जागी काय ठेवलं? प्रामाणिकपणाचा वेगळा तास वेळापत्रकात नव्हता. वाटायचं, तो आपोआप येतो.

१४ नोव्हेंबर
सौ.ने मंगळवार, शनिवार धरले आहेत. विचारलं तर म्हणाली, "त्यानं तोंडानं वाटोळं म्हटलं ना. मी आई आहे." म्हणजे तिलाही ठाऊक आहे. "तुम्ही गप ऱ्हा. पोराची अब्रू जाईन."

१८ नोव्हेंबर
वहिनी. आज उभ्याउभ्याच. "भाऊजी, त्या रविवारी तुम्ही धुऱ्यावर खंदून राहिले होते म्हणे. काय खंदत होते?"
"पाइप पाहत होतो."
सहज निघालं तोंडातून. नि.चा आवाज तरी याहून वेगळा कुठे होता?
वहिनी मग म्हणाल्या, "शनिवारी मी जामसावलीले चालली. तुम्ही या संगं. हनुमानजीपुढं एवढंच म्हणा, का धुरा होता तिथंच आहे. मंग मरेपर्यंत माह्या तोंडून शब्द निघाचा नाही."
"वहिनी, मी मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."
"तुम्ही नसान मानत. माह्या तं तुमच्यावर भरोसा आहे."

२१ नोव्हेंबर
व्यापारी येऊन गेला. सोमवारपासून तोड. त्या दोन ओळींवर फळ यंदा चांगलं आहे.
नि. संध्याकाळी जवळ येऊन बसला. असा कधी बसत नाही. "उद्या काय सांगणार?" मग स्वतःच म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलले तं गावात मले तोंड दाखवाले जागा नाही." मारुतीपुढे न कापलेला मुलगा माझ्यासमोर कापत होता. मिठी मारावी वाटली, आणि एक थोबाडीत द्यावी असंही.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
अंघोळ झाली. सौ.ने धुतलेला सदरा काढून ठेवलाय. नि. दारात. "काहीही म्हणा बाबा. तुम्हाले तं तिथं काहीच होत नाही ना?"
नाही होणार. खोटं बोललो तर वीज पडणार नाही, खरं बोललो तर पोराला कोणी सांभाळून घेणार नाही. सगळं माझ्याच जिभेवर. इतका मोकळा मी आयुष्यात कधी नव्हतो आणि इतका घाबरलेलोही नव्हतो.
सदऱ्याची गुंडी लागेना, ती नि.ने लावून दिली. फाटकापाशी वहिनी उभ्या आहेत, बसची वेळ झाली म्हणतायत.