तळाचं कापड

३ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

टेम्पोवाल्याबरोबर टोपली पाठवली आहे. झाकण घाईने उघडू नकोस. आत एक मांजरी आहे, आणि तिच्याइतकं भित्रं जनावर मी आमच्या दवाखान्यात आजवर पाहिलेलं नाही. कुणीतरी तिला पोत्यात बांधून नाल्यात टाकलं होतं. जखमा भरल्या, शेपटीचं टोक मात्र गेलं ते गेलंच. ती ओरडत नाही. डॉक्टरांनी टाके घातले तेव्हाही तोंडातून आवाज नाही. पोत्यात असताना ओरडली असेल, उपयोग झाला नसेल.

आता माझे नियम नीट ऐक. तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, आणि दिसेनाशी झाली तर शोधायचं मुळीच नाही. ताटली ठेवायची आणि पाठ फिरवून आपल्या कामाला लागायचं. तिला वाटेल तेव्हा ती येईल. आणि दादाला सांग, गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं तळाचं कापड शिवण्याआधी सांगाड्यावर हातोडी ठोकून आतलं उंदीर-मांजर हाकलायची त्याची पद्धत आता बंद. त्या आवाजाने ही जी पळेल ती पुन्हा दिसायची नाही.

तुझ्याकडेच का पाठवली म्हणशील, तर त्या घरात मोठ्याने न बोलणारी तू एकटीच आहेस. दादा कुरकुर करेल, करू दे. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा तिलाही दे.

तुझी,
नणंद

२० मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आधी तुमच्याशी भांडून घेते. तुम्ही मांजर पाठवलीत की सासू? बघायचं नाही, बोलायचं नाही, ताट वाढून मागे व्हायचं! नवी सून होते तेव्हा मला हेच सांगितलं होतं. पण नियम पाळले हो. तुमची पाहुणी (तिचं नाव आम्ही पाहुणीच ठेवलंय) कितीतरी दिवस काथ्याच्या ढिगामागे होती. ताटली रिकामी व्हायची, एवढाच काय तो आमचा परिचय.

माझ्या कानांचं तुम्हाला ठाऊकच आहे. मशीन आणि हातोडी यांच्यात इतकी वर्षं काढल्यावर ते गेल्यातच जमा आहेत. तुमचे दादा गिऱ्हाइकांसमोर मला ‘आमची दगडी’ म्हणतात आणि मला कळलं नाही असं समजून हसतात. मला ओठ वाचता येतात हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मीही सांगत नाही, त्यामुळे घरातलं पुष्कळ कळतं.

तर एक दिवस मी कोचाचा अभ्रा शिवत बसले होते आणि मांडीवर काहीतरी उबदार येऊन बसलं. मी बघितलं नाही, नुसता हात ठेवला. तिच्या अंगात घुरघुर चालली होती, ती तळव्यातून थेट खांद्यापर्यंत चढली. वन्सं, मला कित्येक वर्षांत इतकं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं. मी रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

झोपायला मात्र बाईसाहेबांना बिनतळाचा सोफा लागतो. खालून आत शिरायचं, स्प्रिंगांवरून चढून काथ्यात दडून बसायचं. हातोडी बंद झाल्यापासून तिची राखण माझ्याकडे आली आहे. तळ शिवण्याआधी मी खालून आत हात घालते आणि थांबते. घुरघुर लागली की समजायचं, आहे. मग मी तोंड फिरवून बसते आणि ती आपणहून खाली उतरते. तुमचे दादा कपाळाला हात लावतात. म्हणतात, एक बहिरी आणि एक मुकी, चांगलं जमलंय. जमलंच आहे मुळी, त्यांच्या पोटात का दुखतं कोण जाणे.

तब्येतीला जपा, आणि लोभ पाहुणीपेक्षा माझ्यावर जरा जास्त असू द्या.

तुमची,
वहिनी

७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र वाचून फाडून टाक. नवीन हॉटेलच्या दर्शनी दालनातला मोठा सोफा आपण केला. तो पसंत पडला तर वरच्या सगळ्या खोल्यांचं काम आपल्याला मिळणार आहे. काल हॉटेलची गाडी दाराशी उभी, मॅनेजर डोक्यावर. तुझी वहिनी दाभण घेऊन खाली बसली आणि आत हात घालून थांबायचा तिचा तो सोहळा सुरू करणार, तेवढ्यात मी तिला खूण केली की मी पाहिलंय, तू शिव. मी पाहिलं नव्हतं. घाई होती.

रात्री ताटली भरलेलीच राहिली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज सकाळी हॉटेलात जाऊन सोफ्याला कान लावला. आत काही नाही, संपलंय. आता चार लोकांत तळ उसवायचा आणि मेलेलं मांजर बाहेर काढायचं, म्हणजे काम तर जाईलच, वर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. वहिनीला मी सांगितलं की दार उघडं राहिलं आणि ती गेली. पण ती ताटली घेऊन गल्लीभर हिंडते आहे, दिसेल त्याला खुणा करून विचारते आहे. उद्या हॉटेलपर्यंत पोचली म्हणजे?

माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. तिला लिही की मांजरं जातात आणि येतात, शोधू नकोस. नाहीतरी नियम तुझाच आहे. मी काही राक्षस नाही, पण मांजर ते मांजर. तू नवऱ्याचं घर सोडून आलीस तेव्हा मी तुला तिकडे बिऱ्हाड लावून दिलं, एका शब्दाने काही विचारलं नाही, हे विसरली नसशील. प्रकृती सांभाळ.

तुझा,
दादा

९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडलं. त्याआधी ते घेऊन पोस्टात गेले होते. तारेचा कागद मागून घेतला आणि ‘सोफा उसवा’ एवढं लिहिलंही. मग वाटलं, तू कान लावून पाहिलं आहेस. दादा, ती ओरडणारी नव्हती, हे तुला माहीत आहे. कान लावून तिचं काय कळणार? आणि ही जनावरं इतक्या लवकर संपत नाहीत, हे मी इथे रोज बघते. तरीसुद्धा मी तो कागद चुरगळून टाकला. बिऱ्हाडाची आठवण तू दिलीस, ती मला पोचली. तू म्हणतोस संपलं, तर मीही तसंच धरून चालते.

वहिनीला वेगळं पत्र टाकते आहे. यापुढे मला असलं काही सांगू नकोस.

धाकटी

९ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पाहुणी दिसत नाही असं दादाने कळवलं. अगं वेडे, एवढ्याने धीर सोडायचा? मांजरं अशी जातात आणि पोट भरून फिरून परत येतात, माझ्याकडे असे शंभर नमुने आहेत. नियम आठव. शोधायचं नाही, हाक मारायची नाही. तू दारोदार हिंडलीस तर ती आणखी बुजेल. ताटली ठेव, पाठ फिरव आणि आपलं काम कर.

तिचा तुझ्यावर जीव आहे, ती तुला सोडून कुठे जाणार? जेवत जा वेळेवर. माझ्यावर राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी,
नणंद

१२ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

काल तुमचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. इतके दिवस घशाखाली घास उतरत नव्हता. तुम्ही म्हणता म्हणजे येईलच. गल्लीत हिंडणं बंद केलं. ताटली ठेवते आणि शहाण्यासारखी पाठ फिरवते.

कालच एक गंमत झाली. तुमचे दादा कापड आणायला बाहेरगावी गेलेले आणि हॉटेलचा माणूस उशांचे अभ्रे मागायला आला, म्हणून मीच ते घेऊन गेले. मॅनेजर कामात होता, त्याने मला थांबायला सांगितलं, ते नेमकं आपल्याच सोफ्यावर. काय थाट आहे त्याचा! आजूबाजूचे लोक सोफ्याकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते. एका बाईने कानाकडे बोट नेलं, मग सोफ्याकडे दाखवलं आणि शेजारणीकडे वळून हसली. मला वाटलं, माझ्या बहिरेपणावर हसते आहे. मीही हसले, मला त्याची सवय आहे.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, बसल्या बसल्या खालून बारीक थरथर जाणवली, अगदी पाहुणीसारखी. हॉटेलात लिफ्ट आहे, तिची असणार. पण मला आता जिथे तिथे तीच. गादीवर तळहात टेकून बघावं असं फार वाटलं. मग म्हटलं, चार लोकांत वेडं कशाला ठरायचं, आणि शोधायचं नाही असं तुम्ही बजावलंय. मॅनेजर आला, मी अभ्रे दिले आणि उठले.

ती आली की लगेच कळवते. लोभ असाच राहू द्या.

तुमची,
वहिनी

२८ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

सोफा परत आला. वास येतो म्हणून पाठवला. तुमचे दादा म्हणाले, उंदीर मेला असेल, न उघडता परसात जाळून टाक, आणि ते हॉटेलात माफी मागायला गेले. मी माझा टाका ओळखते. माझ्याच दाभणाने तो उसवला.

तळाचं कापड आतून नख्यांनी झिजवलेलं होतं, माझ्या शिवणीच्या अगदी कडेला. बोटभर आणखी झालं असतं तर फाटलं असतं. मी तिथे दुहेरी टाका घालते, लोक नावाजतात माझ्या शिवणीला.

सोफा घेऊन आलेला हमाल दारात उभा होता. तो दुसऱ्या हमालाशी बोलला, ते मी त्याच्या ओठांवर वाचलं. म्हणाला, आठवडाभर हा सोफा खरवडल्यासारखा वाजत होता. कारागिराला बोलावलं तर तो दोनदा येऊन गेला. कान लावला आणि म्हणाला, नव्या स्प्रिंगा बसेपर्यंत कुरकुरतातच, होईल बंद. तशी ती बंद झाली. वन्सं, सगळ्या हॉटेलला ती ऐकू येत होती. मी तिच्यावर बसले होते.

संध्याकाळी तुमचे दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मॅनेजरला उंदराचं पटलं, सगळ्या खोल्यांचं काम मिळालं. मी उसवलेला तळ त्यांना दाखवला. ते बराच वेळ बोलले, पण माझ्याकडे पाठ करून. मला त्यातलं काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

मी तुमच्याकडे येते आहे, कायमची. या घरात माझ्याशी खरं बोलणारं कुणी नाही, तुम्ही तेवढ्या आहात. शोधू नकोस असं तुम्ही लिहिलंत ते मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला बिचारीला काय ठाऊक! तिच्यासाठी तुम्ही किती जीव टाकलात ते मी विसरणार नाही. जे उरलं आहे ते कापडात शिवून घेतलं आहे. टोपली तुम्ही पाठवली होती तीच. दवाखान्याच्या मागे कुठेतरी तिला दोघी मिळून पुरू.

रविवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर या. गर्दीत हाक मारलीत तर मला ऐकू येणार नाही, तेव्हा सरळ समोर येऊन उभ्या राहा आणि माझ्याकडे बघून बोला. तुमचा लोभ हाच आता माझा आधार.

तुमची,
वहिनी